उतरलेला गंधार

“...मग चूक माझी कशी, बाबा? मी तर चुकलेला सूर बरोबर केला.”

केशवगीर बाबा पावट्याच्या शेंगा सोलत होते. त्यांनी मान वर केली नाही.

गावाबाहेर, ओढ्याच्या पलीकडच्या महादेवाच्या देवळात हे गोसावीबाबा राहत. काही विचारायचं असेल तर माणसं सकाळीच येत, कारण दुपारी बाबा झोपत आणि झोपमोड करणाऱ्याला शिव्या देत. त्र्यंबक मिस्त्री त्या दिवशी उजाडताच आला होता.

त्र्यंबकचं काम बाजाच्या पेट्या सुरात लावण्याचं. लांबलांबचे गवई आपली पेटी त्याच्याकडे पाठवत. दाराची कडी वाजली तरी हा तिचा सूर सांगतो, असं लोक म्हणत. लोक थोडं वाढवून बोलतात, पण फार नाही. बाबांकडे तो कित्येक वर्षं येत होता आणि स्वतःच्या कानाचा विषय काढल्याशिवाय एकदाही परत गेला नव्हता.

“कुणाची पेटी?” बाबांनी विचारलं.

“जनूची.”

जनार्दन हा त्याचा धाकटा भाऊ. एसटीत कंडक्टर होता. सोळा दिवसांपूर्वी गेला.

“त्यानं स्वतः केलेली?”

“केलेली कसली, जोडलेली! तुटक्या खोक्याच्या फळ्या आणि मी टाकून दिलेल्या सुरांच्या पितळी पट्ट्या. मधला गंधार उतरलेला. वीस वर्षं त्या उतरलेल्या गंधारावर आमच्या घरात सांजेची आरती चाललीय.”

“ती लावायला कुणी सांगितलं तुला?”

“कुणी नाही.”

“मग?”

“मला चुकीचा सूर ऐकवत नाही.”

“वीस वर्षं बरा ऐकवला.”



बाबांनी मूठभर शेंगा त्याच्यापुढं सरकवल्या. त्यानं त्यांना हात लावला नाही.

“खरं सांगू का?”

“नाहीतर इतक्या सकाळी कशाला आलास?”

“माझा जळफळाट झाला, बाबा.”

एवढं म्हणायला त्याला सोळा दिवस लागले होते. पुढचं मात्र भडाभडा बाहेर आलं.

“जनू गेल्यापासून दारात माणसांची रीघ आहे. आणि रिकाम्या हातानं कुणी येत नाही. एकजण तिकिटाच्या कागदाचा पक्षी घेऊन आला. म्हणे, पोरगी रडत होती म्हणून जनूभाऊंनी बसमध्ये करून दिला होता. बारा वर्षं जपून ठेवलाय! एकीनं गुलाबाची कुंडी आणली, जनूनं कलम बांधून दिलेली. बहिणीनं त्याच्या हातच्या, जुन्या लुगड्यांच्या बाहुल्या ओळीनं मांडल्या. घरातल्या प्रत्येकाच्या नावाची लाकडी पळी, प्रत्येकाच्या वाढदिवसाची कविता... कवितेत यमक जुळत नाही. पळ्या एका अंगाला कलतात. एक काम धड नाही, बाबा! आणि माणसं ती छातीशी धरून रडतायत.”

“तुझ्या नावाची पळी केली होती?”

“सगळ्यात आधी माझीच.”

हे तो जरा हळू म्हणाला.

“आणि तुझ्याबद्दल कुणी काही बोललं?” बाबांनी विचारलं.

“एक शब्द नाही. चाळीस वर्षं मी एकच काम केलं, मान मोडून केलं. त्याच्या पक्ष्यापुढं माझं चाळीस वर्षांचं काम कुणाला आठवलं नाही.”

“मेला तो. आणि लोकांनी बोलायचं तुझ्याबद्दल?”



“हो,” त्र्यंबक ओढ्याकडे बघत म्हणाला. “तसंच वाटलं मला.”

बाबा हसले नाहीत. दुसरा कुणी असता तर हसला असता.

“पुढं?”

“सुतकात आरती बंद होती. बाराव्या दिवशी पेटी उचलून माझ्या खोलीत नेली. गंधाराची पट्टी टोकाकडून घासली. तशी घासली की सूर चढतो. कानशीचे चार हात फिरवले आणि असा लख्ख लागला म्हणता! म्हटलं, उद्या कळू दे सगळ्यांना खरा सूर कसा असतो ते.”

“कळलं?”

“तेराव्याला गोडाचं जेवण झालं. सांजेला मी स्वतः पेटीवर बसलो. पहिल्याच ओळीत गंधार आला आणि सगळं घर अडखळलं. पेटी बरोबर, आणि ते सगळे खाली. पुन्हा सुरू केलं, पुन्हा तिथंच. त्यांचे गळे त्याच जागी जाऊन पडतात, काही केल्या वर येत नाहीत. आधी बहीण थांबली. मग जनूची बायको तोंडाला पदर लावून आत गेली. शेवटी मी एकटाच वाजवत होतो.”

“आणि आई?”



“आई म्हणाली, ‘माझा जनू आज गेला.’”

बाबांचे हात पहिल्यांदा थांबले...

“तीन दिवस झाले, माझ्याकडे बघत नाही. पाण्याचा तांब्या मी दिला तर तसाच ठेवते. तोच बहिणीनं उचलून दिला की पिते. चौऱ्याऐंशीची आहे, बाबा. अशीच गेली, तर मी कुणाला तोंड दाखवू? काय ते प्रायश्चित्त सांगा. उपास करतो. पेट्या लावणं सोडून देतो.”

“सोडशील?”

त्र्यंबकनं कानशीनं घट्टे पडलेली बोटं मुठीत मिटली.

“आरती म्हण,” बाबा म्हणाले.

“कोणती?”

“तुमच्या घरची. घरात म्हणतात तशी.”

“मला बेसूर येत नाही.”

“घरात इतकी वर्षं म्हणत नव्हतास?”

“टाळ्या वाजवायचो. तोंड मिटून.”

“मग आज उघड.”

त्र्यंबकनं नाखुशीनंच सूर धरला. पहिले चार शब्द नीट गेले. गंधार आला आणि त्याचा गळा आपोआप खाली उतरून एका जागी थांबला. तो दचकला. त्याला वाटलं, दुसरंच कुणी गायलं.

“पुन्हा,” बाबा म्हणाले.

पुन्हा तसंच झालं.

बाबांनी खुंटीवरची एकतारी काढली आणि छेडली. “आता हिच्यावर.”

तिसऱ्यांदाही गळा त्याच जागी गेला.

“तोच आहे...” त्र्यंबक कुजबुजला. “नेमका तोच. केसभर वर नाही, केसभर खाली नाही.”

“तो किती उतरला होता, हे घरात दुसऱ्या कुणाला सांगता येईल?”

“त्यांना तो उतरलाय हेच ठाऊक नव्हतं, बाबा. माझ्या एकट्याच्या कानाला टोचायचा. रोज ऐकायचो, रोज मोजायचो... दात खाऊन मोजायचो.”

“पट्टी परत उतरते?”

“उतरते की. बुडाकडून घासली तर...”

वाक्य अर्धंच राहिलं. बाबा काय सुचवतायत ते त्याच्या ध्यानात आलं आणि त्याचा चेहरा कडू झाला.

“म्हणजे मी स्वतःच्या हातानं पेटी बिघडवू? आजवर माझ्या हातून एकही पेटी बेसूर गेलेली नाही.”

बाबा पुन्हा शेंगा सोलू लागले.

“सगळ्यांचे गळे जुळतील,” त्र्यंबक म्हणाला. “सगळे म्हणतील, जनूची पेटी. माझा हात लागलाय हे कुणाला कळणारसुद्धा नाही.”

“नाही कळणार.”

“आई म्हणेल, जनू आला.”

“म्हणेल.”

“मग त्यात मी कुठं, बाबा?”

आवाजात अजून तीच आग होती. डोळ्यांत मात्र पाणी आलं होतं.

बाबांनी टरफलं गोळा करून बाजूला लोटली.

“‘जनू आला’ म्हणून ती वळून बघेल ना, त्र्यंबका... तेव्हा पेटीपुढं कोण बसलेलं असेल?”