पाहून आलो

एकदा एक तरुण कुंभार आपल्या गुरुजींच्या चार पावले पुढे, रागाने चालत होता. समोर जुन्या राजधानीची तटबंदी दिसू लागली होती.

रागाला कारण होते. त्याच्या गावापासून अर्ध्या कोसावर, डोंगरात, एक झरा होता. गावातल्या बायका पिढ्यान्‌पिढ्या तिथून डोक्यावर पाणी आणत. पाठशाळा अर्धवट सोडलेल्या या पोराने ते पाणी खापराच्या नळांतून गावात आणायचे मनावर घेतले. दोन वर्षे खपून त्याने साडेतीन हजार नळ भाजले, एकाच्या तोंडात दुसऱ्याची शेपटी बसवत जमिनीखाली घातले आणि सांधे चुना, गूळ व वाखाच्या तंतूंनी असे बुजवले की मुंगीलाही वाट राहिली नाही. पाणी सोडले. वाटेतल्या उंचवट्यापाशी नळ फुटला. जोडला, पुन्हा तिथेच फुटला. तिसऱ्यांदाही तेच.

गावातल्या वडीलधाऱ्यांनी पहिल्या वेळी नारळ फोडला. दुसऱ्या वेळी मुहूर्त चुकल्याचे सांगितले. तिसऱ्या वेळी कुंभाराच्या हाताला यश नाही असे ठरवून टाकले. न कळलेल्या गोष्टीला आधी नमस्कार करायचा, आणि नमस्कार लागू पडला नाही की जवळच्या तरुणावर खापर फोडायचे. आपल्याकडे याला अनुभव म्हणतात. सभेत निर्णय झाला: चार दिवसांत उपाय सांगावा, नाहीतर भट्टी मोडायची आणि उरलेले नळ फोडून चिखलाच्या वाटेवर पसरायचे.

म्हणून ते दोघे राजधानीकडे निघाले होते. तिथे तीनशे वर्षे नळाने पाणी येते, एवढे सगळ्यांना ऐकून माहीत होते. मात्र परक्या माणसाला त्या नगरात एकच दिवस मिळे. सूर्योदयाला वेशीवर लाकडी बिल्ला मिळायचा, त्यावर ‘पाहुणा’ असे कोरलेले असायचे. सूर्यास्ताची नौबत वाजण्याआधी तो परत करायचा. पुढचा बिल्ला महिन्यानंतर.

निघताना पंचांनी गुरुजींच्या हाती एक यादी दिली होती. “निघालाच आहात तर,” असे म्हणत प्रत्येकाने तीत एकेक ओळ वाढवली होती. दरबार पाहावा. हत्तीखाना पाहावा. राणीच्या महालाचे कारंजे पाहावे. अमुक देवळात माझ्या नावाने फूल वाहावे. एकोणीस ठिकाणे झाली. नळाचा उल्लेख कुठेच नव्हता. गावचा कापडाचा व्यापारीही सोबत आला होता. तो यादी वाचून वाटभर हरखत होता.

वेशीवर शिपायाने तिघांना बिल्ले दिले. “जपून ठेवा,” तो जांभई देत म्हणाला. “हरवला तर आत राहता येत नाही, बाहेरही जाता येत नाही. मग कुठं राहायचं ते तुमचं तुम्ही बघा.”

वेशीच्या आत पाऊल टाकताच एक दगडी हौद होता. भिंतीतल्या गोमुखातून त्यात संथ धार पडत होती. गुरुजी ओंजळभर पाणी प्यायले, मग त्यांनी तोंड पुसले आणि ती एकोणीस ओळींची यादी व्यापाऱ्याच्या हातात ठेवली.

“शेटजी, हे सगळं तुम्ही पाहा. संध्याकाळी इथंच भेटू.”

“आणि तुम्ही?”

गुरुजींनी गोमुखाकडे बोट दाखवले. “आम्ही हे पाणी जिथून आलं तिकडं जातो. मिळेल तेवढं.”

व्यापारी हसत निघून गेला. कुंभाराला मात्र हसू आले नाही. “गुरुजी, एक दिवस आहे हातात. आधी दरबारात जाऊ. तिथं कुणी मोठा अधिकारी असेल, त्याला नळाचं विचारू.”

“दरबारात गेलास तर ते तुला दरबार दाखवतील,” गुरुजी म्हणाले. “उलटा चाल.”

“तुम्ही अकरा वेळा आलात ना इथं? मग तुम्हाला ठाऊक असेलच. सांगून टाका. मला पाठशाळेत बसल्यासारखं वाटायला लागलंय, आणि ती मी का सोडली ते तुम्हाला माहीत आहे.”

गुरुजी भिंतीला कान लावून चालू लागले.

भिंतीमागून नळ एका बोळात शिरत होता. बोळाच्या टोकाला रंगाऱ्यांचे अंगण होते. निळ्या हातांच्या एका माणसाने लुगडे पिळता पिळता सांगितले, “आमची पाळी दुपारपर्यंत. नंतर पाणी खाली वेशीकडं जातं. वरून कुठनं येतं? वरच्या आळीतनं. त्याच्याही वर? बाबा, मी रंगारी आहे, भगीरथ नाही.” वरच्या आळीत तांबटांची ठोकठोक चालली होती, तिथून नळ सराईखाली, सराईखालून मंडईखाली. कुंभार फरशी ठोकून आवाज ऐकायचा, ओल दिसली की वाकायचा, पुढे सरकायचा. एका ठिकाणी दोन फाटे निघाले. चुकीचा धरला आणि दोन घटका वाया गेल्या.

दुपार टळली तेव्हा ते राणीच्या महालापाशी पोहोचले. भिंतीपलीकडे कारंज्याचा आवाज येत होता. लोक रांग लावून आत जात होते.

“इथं तरी जाऊ,” कुंभार म्हणाला. “यादीत होतं. पाणी वर कसं उडतं ते दिसेल.”

“कारंजं म्हणजे पाण्याचा शेवट. तुला शेवट पाहायचाय की वाट?”

“मला माझी भट्टी वाचवायचीय.” त्याचा आवाज चढला. “तुमचं बरं आहे. दोन वाक्यं बोललात की लोक मान डोलावतात. परवा माझे नळ फोडतील तेव्हा हीच वाक्यं सांगणार का त्यांना?”

रांगेतल्या दोघांनी वळून पाहिले. गुरुजींनी खाली पाहिले. मग म्हणाले, “बिल्ला तुझाही आहे. जायचं तर जा.”

कुंभाराने रांगेकडे पाहिले. रांगेतला एकही माणूस खाली, पायाखालच्या ओलीकडे पाहत नव्हता. तो दात आवळून वळला आणि महालाच्या भिंतीला वळसा घालून मागच्या रस्त्याला लागला.

त्या रस्त्यावर ठरावीक अंतराने विटांचे मनोरे होते. दोन पुरुष उंच, वर निमुळते. पहिला त्याने ओलांडला. दुसऱ्यावर कुणी धोतर वाळत घातले होते; तोही ओलांडला. तिसऱ्याला पाठ टेकून कापडाचा व्यापारी बसला होता आणि जोड्यातला खडा काढत होता.

“चौदा झाली,” तो धापा टाकत म्हणाला. “पाच उरली. हत्तीखान्यात हत्तीच नाहीत. तुमचं काय?”

कुंभार उत्तर देणार, तोच व्यापाऱ्याच्या डोक्यावर कुणीतरी लांब सुस्कारा टाकला.

व्यापारी उठून उभा राहिला. सुस्कारा मनोऱ्यातून आला होता. थोड्या वेळाने पुन्हा आला; ओलसर, गार, झोपलेल्या म्हशीसारखा.

“घाबरू नका, दम टाकतोय तो,” समोरच्या ओट्यावरून एक म्हातारी म्हणाली. तिच्यापुढे सुपात कुरडया होत्या. “उच्छ्वास म्हणतात त्याला. नळाचा उच्छ्वास. माझा नवरा वर चढून त्याच्या तोंडातली पाखरांची घरटी काढायचा. आता मी काढते.”

“कशासाठी?” कुंभाराने विचारले.

“कशासाठी म्हणजे? पाण्याबरोबर वारा येतो नळात. उंचवटा आला की तिथं साठतो. त्याला बाहेर पडायला तोंड नको? नाही दिलं तर तो आतनंच वाट करतो. एका साली घरटं राहून गेलं तर अख्ख्या आळीचे नळ फुटले होते.” तिने कुंभाराकडे निरखून पाहिले. “तुमच्याकडं पाण्याला दम टाकायला जागा कुठं ठेवलीय?”

दोन वर्षे कुंभाराने ज्या एका गोष्टीचा अभिमान बाळगला होता ती त्याला आठवली. मुंगीला वाट नाही.

“मी सगळी बुजवली,” तो म्हणाला. मग उपरणे काढले आणि कामाला लागला. मनोरा किती उंच, त्याचा घेर किती, दुसऱ्यापासून तिसरा किती लांब. प्रत्येक मापाला त्याने उपरण्याला गाठ मारली. म्हातारीला इतके प्रश्न विचारले की तिच्या कुरडया तशाच राहिल्या. “तोंड झऱ्याच्या पातळीहून वर ठेव,” ती म्हणाली, “नाहीतर पाणी तिथनंच सांडेल. आणि घरट्यांचं विसरू नकोस. बांधणारे सगळेच असतात, काढायला कुणी नसतं.”

नौबतीची पहिली टिपरी पडली तेव्हा ते वेशीकडे धावत होते. गुरुजींना धाप लागली म्हणून कुंभाराने त्यांचा हात धरला. बिल्ले परत केले. वेशीबाहेरच्या पारावर तिघे टेकले.

“तुम्हाला उच्छ्वास ठाऊक होता?” कुंभाराने विचारले.

“नाही.”

“मग अकरा वेळा येऊन काय केलंत?”

“जेवलो,” गुरुजी म्हणाले. “दरबार पाहिला, कारंजं पाहिलं, गावी जाऊन ‘पाहून आलो’ म्हटलं. अकराही वेळा बिल्ल्यावर पाहुणा लिहिलं होतं आणि मी पाहुणाच होतो. लोक ज्याला दाखवतात तो पाहुणा. त्याला दाखवणाऱ्याच्या मर्जीचं दिसतं. मला उत्तर ठाऊक नव्हतं, बाबा. एक दिवस वाया कसा जातो, तेवढं अकरा वेळा शिकलो होतो. ज्याच्या गळ्याशी प्रश्न आलाय त्याने एकच धागा धरावा आणि सोडू नये. त्या एका धाग्यामागं तू रंगारी पाहिलेस, तांबट पाहिलेस, सराई, मंडई, महालाची मागची बाजू. शेटजींपेक्षा जास्त शहर पाहिलंस तू, आणि तेही पाहायला न येता.”

व्यापारी सुजलेले पाय चोळत होता. तो म्हणाला, “मी तर त्याला टेकून बसलो होतो.”

सभेच्या दिवशी कुंभार पहार आणि छिन्नी घेऊन थेट उंचवट्यावर गेला. सभा त्याच्यामागे आली. त्याने माती उकरली, चांगला धड नळ मोकळा केला आणि त्याच्या पाठीवर छिन्नी ठेवली.

“अरे, धड नळ फोडतोयस,” एक पंच ओरडला.

“फुटायच्या आधी फोडतोय, काका.” आणि त्याने भोक पाडले.

उच्छ्वास म्हणजे काय ते त्याने सांगितले. सर्वांत वयस्कर पंच ऐकून घेईना. “दरसाल जातो मी त्या शहरात. अख्खं पाहिलंय. असलं काही नाही तिथं.”

“आहे,” कुंभार म्हणाला. “मागच्या रस्त्याला विटांचे मनोरे आहेत. तुम्ही त्यांच्या सावलीत बसून विडा खाल्ला असेल.”

पंचाने खरेच खाल्ला होता. व्यापारी खाकरून म्हणाला, “मीही बसलो होतो तिथं. आवाज येतो.” मग गुरुजी पुढे झाले. “याला आठ दिवस द्या. मी अकरा वेळा न पाहता आलो, तेव्हा मला कुणी काही मोडायला सांगितलं नव्हतं.” सभेला आठ दिवस द्यावे लागले.

सातव्या दिवशी विटांचा मनोरा उभा राहिला. झऱ्याचे तोंड उघडले. कुंभार मनोऱ्याला कान लावून बसला. बराच वेळ काही नाही. मग आतून एक लांब, गार सुस्कारा आला, मग दुसरा, आणि नळ अखंड राहिला. खाली गावात, हौदापाशी, कुणीतरी कळशी ठेवल्याचा आवाज झाला.

वयस्कर पंच काठी टेकत वर आला. मनोऱ्यासमोर त्याने सवयीने हात जोडले.

“नमस्कार नको, काका,” कुंभार म्हणाला. “वर चढा. घरटं नाही ना, तेवढं बघून या.”

म्हाताऱ्याने काठी बाजूला ठेवून, चढण्यासाठी पुढे काढलेल्या पहिल्या विटेवर पाय ठेवला, आणि कुंभाराने त्याला खालून आधार दिला.

कुठून कुणी ‘पाहून आलो’ म्हणाले, तर काय पाहिले हे विचारू नये. काय शोधायला गेला होतात, एवढेच विचारावे.