आधीवाले, नंतरवाले

“मग उचललं जाणार कोण, बाई? ते का आम्ही? एकदा सांगून टाका.”

सलोमीबाईंनी ओट्यावर बसून दोन्ही पाय घमेल्यातल्या मिठाच्या कोमट पाण्यात सोडले होते. सकाळपासून उभ्याच होत्या. मयत बाईमाणसाला आंघोळ घालायचं काम गावच्या ख्रिस्ती मंडळीत त्यांच्याकडंच होतं. म्हातारपण आलं, पण त्या कामाला दुसरी कोणी पुढं येत नव्हती.

समोर तीमथ्य ओहोळ उभा. इस्त्रीचा पांढरा सदरा, बगलेत पवित्र शास्त्र. रविवारच्या शब्बाथ शाळेत बाईंच्याच हाताखाली शिकलेला. आता स्वतः उपदेश करायचा आणि गावातली सगळी तरणी ख्रिस्ती पोरं त्याच्या शब्दात होती.

ख्रिस्ती घरं मूठभर, त्यात दोन तट. तीमथ्यचे लोक म्हणत, जगाच्या अंताचं महासंकट येण्याआधीच प्रभू आपल्याला वर उचलून नेणार. त्याचा थोरला भाऊ गमलिएल आणि त्याच्या बाजूची म्हातारी माणसं म्हणत, तसं नाही, मंडळीला संकटातून जावं लागेल, प्रभू नंतर येईल. चहाच्या टपरीवरच्या लोकांना यातलं ओ की ठो कळत नव्हतं, पण नावं त्यांनी नेमकी ठेवली. आधीवाले आणि नंतरवाले.

चर्चचे पत्रे गळत होते. आधीवाले म्हणत, प्रभू दारात उभा आहे, आता पत्रे कशाला बदलायचे? नंतरवाले म्हणत, संकटात लोक आसऱ्याला येतील, छप्पर हवंच. बोलणं एवढं व्हायचं. शिडी कोणी लावत नव्हतं.

आणि आज पहाटे गमलिएलची बायको रिबका गेली.

कबर खणायची ती तरण्या पोरांनी, अशी मंडळीची चाल. पण गेल्याच महिन्यात तीमथ्यनं उपदेशात ठणकावून सांगितलं होतं, नंतरवाल्यांच्या मातीला जाऊन जो फावडं धरेल, त्याला रविवारी आपल्यात प्रभुभोजनाची भाकर नाही. पहिली कोण जाईल, हे तेव्हा त्याला कुठं ठाऊक होतं?

“तुझा दादा एकटाच खणतोय,” बाई म्हणाल्या. “कमरेत वाकता येत नाही त्याला. गुडघे टेकून खणतोय. बघून आले मी.”

तीमथ्यनं बगलेतलं शास्त्र दुसऱ्या बगलेत घेतलं.

“मी शब्द दिलाय, बाई. मंडळीपुढं. आज मोडला तर पोरं उद्या विचारतील, तुमची शिकवण काय लोकांच्याच मयताला आहे का?”

“बरोबर विचारतील.”

“म्हणून म्हणतो, तुम्ही बोला. दादाला एवढंच म्हणा, मी तुम्हा दोघांनाही शिकवलंय, तीमथ्यचं बरोबर आहे. तो मान डोलावेल. मग मी आत्ता पोरं पाठवतो.”

“म्हणजे आधी वाद मिटवायचा, मग रिबकाला पुरायचं.”

“सत्य ते सत्य, बाई.”

“हो... ते तर आहेच.”

बाईंनी डोळे मिटून घेतले. याच्या बापाच्या वेळी भांडण पाण्याचं होतं. बाप्तिस्मा बुडवून द्यायचा का शिंपडून. तोही असाच पांढरा सदरा घालून याच ओट्यापुढं उभा राहिला होता आणि असाच म्हणाला होता, सत्य ते सत्य.

“आंघोळ घातली तिला. मनगटावरचा डाग तसाच आहे.”

तीमथ्यनं मान फिरवली. आईवेगळं पोर होतं ते. चुलीवरचं उकळत्या दुधाचं पातेलं त्यानं अंगावर ओढलं, तेव्हा लग्न होऊन घरात नुकत्याच आलेल्या रिबकानं मध्ये हात घातला होता.

“डागाचा इथं काय संबंध?”

“काही नाही. नुसतं सांगितलं.”

घमेल्यातलं पाणी गार होत चाललं होतं.

“वहिनी चुकीच्या बाजूला होती, बाई,” तो हळू आवाजात म्हणाला. “ते मला... ते मी कसं विसरू?”

“मेलेल्याला कसली बाजू? सकाळी मी तिला वळवली. जिकडं वळवली तिकडं वळली.”

बाईंनी घमेल्यातले पाय हलवले.

“बरं, उत्तर दे. प्रभूच्या येण्याची तुतारी वाजेल त्या दिवशी पहिल्यानं उठणार कोण?”

हा प्रश्न लहान पोरांचा. तीमथ्यच्या तोंडून उत्तर आपसूक आलं, वर्गात यायचं तसं.

“ख्रिस्तात मेलेले.”

“आणि तू?”

“जिवंत असलो तर... त्यांच्यामागून.”

“हे आधीवाल्यांचं का नंतरवाल्यांचं?”

“दोघांचंही.”

“यावर भांडण नाही?”

“नाही.”

“मग आधी रिबका. मग तू.”



बाईंनी पाय पाण्याबाहेर काढले. भिंतीचा आधार घेत उठल्या, कोनाड्यातलं खुरपं घेतलं आणि ओल्या पायांनी पायरी उतरू लागल्या.

“बाई, कुठं निघालात?”

“खणायला.”

“खुरप्यानं?”

“फावडी सगळी तुझ्याकडं. पोरंही तुझ्याकडं. मला प्रभुभोजनातून काढायचं तर काढ, रविवार लांब आहे अजून.”

चार पावलं गेल्या आणि थांबल्या. धाप लागली होती. तीमथ्यनं पुढं होऊन त्यांच्या हातातलं खुरपं काढून घेतलं, त्यांना धरून परत ओट्यावर बसवलं. शास्त्र त्यांच्या शेजारी ठेवलं. बराच वेळ तो सदऱ्याच्या बाह्या वर करत राहिला.

“पोरांना काय सांगू?”

“ते तू बघ. मी दमले.”

तो कब्रस्तानाच्या वाटेला लागला. अंगणाच्या कुंपणापाशी थबकला.  मागं वळून उगाच काहीतरी विचारावं तसं त्यानं विचारलं,

“किती खोल घ्यायची, बाई?”

“होईल तितकी खोल घे, तिमा,” बाई म्हणाल्या. “तुतारीच्या दिवशी तिला वर यायला जेवढा वेळ लागेल, तिला काय सांगायचं ते ठरवायला तेवढाच तुला मिळणार आहे.”