बदकीण उठेपर्यंत

लुबासानच्या चर्चला नदीच्या बाजूने वळसा घातला, की भिंतीत कमरेएवढ्या उंचीवर एक भोक दिसतं. टोपली बसेल एवढं. फिलिपिन्समधल्या या आडगावात पाहुणे येतात ते घंटाघर पाहायला, आणि हमखास विचारतात, "हे बुजवत का नाही?" मग घंटा वाजवणारे म्हातारे मानोंग क्रिसांतो पायरीवर बैठक मारतात. मानोंग म्हणजे तिकडचे दादा. त्यांना घाई केलेली खपत नाही.

चर्च बांधायला घेतलं तेव्हाची गोष्ट, म्हणे. त्या काळी चुन्यात अंड्यांचा पांढरा बलक कालवत, म्हणजे दगड दगडाला घट्ट धरतो. गावात सगळ्यांत जास्त बदकं दामियाना नावाच्या विधवेची. अंडी विकून ती दोन पोरी वाढवत होती. धाकटी तापाने फणफणली तेव्हा ती नवस बोलली, "पोर उठू दे. भिंती पुऱ्या होईपर्यंत माझ्या बदकांचं प्रत्येक अंडं देवाच्या घराला." पोर उठली. बाई शब्दाची पक्की. रोज टोपली घेऊन हजर. घर मात्र सुक्या मासळीवर कसंबसं चालायचं.

तशात बदकांवर रोग पडला. दुष्काळात तेरावा महिना. एकच बदकीण वाचली, आणि तीही कुठे नाहीशी झाली. शोधता शोधता सापडली ती चर्चच्या अर्धवट भिंतीत, एका दगडाच्या रिकाम्या जागी. पोटाखाली अंडी घेऊन खुडूक बसली होती.

दामियाना टोपली घेऊन भिंतीशी थबकली. अंडी दिली तर कळप संपला, मग पोरी खाणार काय? न दिली तर नवस मोडला, आणि तो तर पोरीच्या जिवासाठी बोललेला. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. तिने हात पुढे केला, तशी बदकिणीने खरंच चोच मारली. बाई तिथंच मटकन बसून रडायला लागली.

शेजारी तिबुर्सियो गवंडी चुना कालवत होता. "ताई, रडता कशाला?" तो म्हणाला. "अंडी देवाच्या घराला द्यायची होती ना? भिंतीतच तर आहेत. फोडून देईन असं कुठे बोलला होतात?"

तेवढ्यात पाद्री धावत आला. ढग भरून आले होते, पाणी भोकातून भिंतीत शिरलं तर ओला चुना वाहून गेला असता. भोक आत्ताच्या आत्ता बुजव म्हणाला. तिबुर्सियोने थापी खाली ठेवली. "पाद्रेसाहेब, देवाच्या दारी आलेल्या बाळंतिणीला मी नाही उठवणार." पाद्रीने बदकिणीकडे पाहिलं, बदकिणीने पाद्रीकडे. शेवटी पाद्रीच हसला आणि काम थांबलं. पाऊसही थांबला, असं सांगतात. नदीपलीकडे धो धो कोसळला, अलीकडे थेंब नाही.

एका सकाळी बदकीण आपण होऊन उठली आणि तडक नदीकडे निघाली. मागे पिल्लांची रांग, त्यांच्यामागे दामियाना, तिच्या पोरी, गवंडी, पाद्री आणि सगळं गाव. हीच म्हणे इथली पहिली मिरवणूक. शेवटचं पिल्लू पाण्यात उतरलं आणि मग सर आली. पुढे त्याच पिल्लांच्या अंड्यांवर उरलेल्या भिंती उभ्या राहिल्या, नवस फिटला, पोरीही पोटभर जेवल्या. भोक तेवढं तिबुर्सियोने बुजवलं नाही.

आजही सणाच्या दिवशी त्या भोकात गवत घालून बदकीण बसवतात. मूर्ती खांद्यावर, बँड तयार, पण ती उठेपर्यंत मिरवणूक हलत नाही. बिशपसुद्धा उन्हात घाम पुसत उभे राहतात.

मागे एका पाहुण्याने टाळ्या वाजवून तिला उठवायला पाहिलं. मानोंगनी त्याचे हात धरले.

"बसू दे," ते म्हणाले. "हिच्या खापरपणजीला कोणी उठवलं नाही, म्हणून माझी खापरपणजी जेवली."