नवरीच्या मडक्यावरची टकटक

सह्याद्रीच्या पायथ्याशी सुकेतू नावाचा राजा राज्य करीत होता, त्या काळी बोधिसत्त्व वरच्या सदाहरित रानात हरणटोळ होऊन जन्मला. वेलीसारखा बारीक, पानासारखा हिरवा. दिवसा उन्हात डोलायचे, सरडे-बेडूक गिळायचे, अंधार पडला की निजायचे, एवढाच या सापाचा संसार.

पण तिथल्या लोकांनी एक खूळ घेतले होते. हरणटोळ म्हणे झाडावरून झेप घेऊन माणसाची टाळू फोडतो. म्हणून रानातून जाताना सगळे डोक्यावर पार नाकापर्यंत मडके पालथे घालीत आणि झाडाझाडाला बांधलेली वेताची दोरी धरून चाचपडत चालत. बोधिसत्त्वाला त्यांची मोठी गंमत वाटे.

एकदा बकुला नावाची मुलगी नवरी होऊन सासरी निघाली. तिथल्या रीतीप्रमाणे नवरी पुढे, मागे बाप नंदक, त्याच्यामागे गाणी म्हणत वऱ्हाड. पुढच्या वळणावर कडा नुकताच ढासळला होता. दोरी बांधलेले झाड दरीवर ओणवे झाले होते आणि दोरी सरळ तिकडेच जात होती.

ते पाहून बोधिसत्त्वाचे काळीज हलले. शेजारचा तांबट पक्षी म्हणाला, "नसत्या भानगडीत पडू नकोस. दिसलास तर ठेचतील तुला."

"ठेचतील खरे. पण पोर सासरी निघालीय रे, पोहोचायला नको का?"

आणि तो थेट तिच्या मडक्यावर उतरून नाकाने टकटक करू लागला. बरोबर टाळूवर.

बकुला किंचाळली. तिने मडके ओढून काढून भिरकावले. बऱ्याच वेळाने ते खोल खाली फुटल्याचा आवाज आला, तेव्हा तिने पायापुढे पाहिले. साप दोरीवर पडला होता. मागचे अजून दोरी धरून येत होते, त्यांना अडवायला तो जागचा हलला नाही.

नंदकाने मडके काढून काठी उगारली.

"बाबा, काठी खाली घ्या," बकुला म्हणाली. "याने टकटक केली नसती, तर तुमची लेक त्या मडक्याबरोबर गेली असती."

नंदकाने दरी पाहिली, लेकीला पोटाशी धरले आणि रडता रडता हसू लागला. मग सापाला म्हणाला, "आता वऱ्हाडी म्हणून चला. पण जेवणात सरडे नाहीत बरं का."

सगळ्यांनी मडकी उतरवली. इतके हिरवे रान त्यांनी जन्मात पाहिले नव्हते. ढासळलेला कडा टाळून उरलेली वाट ते त्याच मडक्यांवर ताल धरून नाचत गेले.

आपल्या मागल्या जन्माची ही कथा सांगून शास्ता, म्हणजे भिक्षूंचे गुरू, म्हणाले, "भिक्षूंनो, तो नंदक आज तुमच्यातच बसला आहे. जेवणात काय आहे आणि काय नाही, हे अजूनही तोच सांगतो. बकुला म्हणजे दाराजवळ हसत असलेली ती भिक्षुणी. तांबट म्हणजे मला रोज जपून जा म्हणणारा माझा सेवक. आणि हरणटोळ मीच होतो. जो आपल्याला भितो, त्याचेही भले करावे. हीच मैत्री."