राणीला ओढणारा नट

फार जुन्या काळी एक नाटकमंडळी नदीकाठच्या गावांमधून फिरत असे. तिच्यात उदाजी नावाचा धिप्पाड नट होता. क्रूर सेनापतीचं काम त्याच्यासारखं कोणी करत नसे. त्याने नुसती मान वळवली, तरी पुढे बसलेली मुलं आईला बिलगत.

एका नाटकात सेनापती राणीला सिंहासनावरून खाली ओढतो, असा प्रसंग होता. राणी व्हायची सगुणा. अंगाने किरकोळ, पण कामाला चोख.

मंडळीच्या वयोवृद्ध गुरू भानाक्का रोज सकाळी सगळ्यांना वाळूत पडायला शिकवत. श्वास सोडायचा, गुडघे सैल ठेवायचे, आधी मांडी टेकवायची, मग कूस. डोकं वरच राहिलं पाहिजे. उदाजी मात्र झाडाखाली बसून हसायचा.

"आक्का, खोटं ओढलं की लोकांना कळतं. भीती खरी हवी."

"राणीची भीती खरी हवी रे," आक्का म्हणाल्या, "सगुणाची नव्हे."

एकदा सगुणाच त्याला म्हणाली, "उदाजीदादा, ओढण्याआधी डोळ्यांनी खूण करत जा. मला अंग सावरता येईल."

"खूण केली तर दचकशील कशी?" असं म्हणून तो निघून गेला.

पुढे राजधानीत प्रयोग झाला. टाळ्यांनी उदाजीला चेव चढला आणि त्याने सगुणाला असा हिसका दिला, की ती मनगटावरच आपटली. हाड मोडलं. ती किंचाळली, पण ते राणीचं किंचाळणं नव्हतं.

"अरे, बाईला लागलं! वैद्याला बोलवा!" लोक ओरडत उठले. नाटक तिथेच मोडलं.

संध्याकाळी उदाजी तिच्यापाशी जाऊन खाली मान घालून बसला. "मला वाटलं, मी काम चांगलं करतोय."

"तुम्ही एकटेच काम करत होता, दादा," सगुणा म्हणाली. "मी नुसती तुमच्या हातात सापडले होते."

हे वाक्य त्याला फार लागलं. दुसऱ्या सकाळी तो वाळूत उतरला. आक्कांनी त्याला ओढायला शिकवलंच नाही, महिनाभर नुसतं पडायला लावलं. जमीन अंगावर कशी येते, ते त्याला तेव्हा कळलं.

मग आक्का म्हणाल्या, "मूठ घट्ट दिसू दे, पण आतून सैल ठेव. आधी सगुणा निघेल, तू तिच्यामागून जा. जोर दाखवायचा तो खांद्यात, पायांत, चेहऱ्यावर."

"म्हणजे ओढणार तीच?"

"जी पडणार, पडणं तिच्याच हाती हवं."

सगुणाचं मनगट जुळलं, तरी थंडीत कळ यायची ती यायचीच.

वर्षभराने दोघं पुन्हा त्या प्रसंगाला उभी राहिली. उदाजीने डोळ्यांनी विचारलं. सगुणाने पापणी मिटली. आणि राणी सिंहासनावरून अशी कोसळली, की सगळ्यांचा श्वास अडकला.

"मेल्या, सोड तिला!" गर्दीतली एक म्हातारी उठून ओरडली.

राणी हळूहळू उठली. भर दरबारात तिने सेनापतीला जाब विचारला, आणि माणसं रडू लागली. सगुणाला साधं खरचटलंही नव्हतं. त्यानंतर कित्येक वर्षं ती दोघं तो प्रसंग करत राहिली.

लहानथोर हो, ध्यानात ठेवा: जोडीदाराचं अंग जो जपतो, त्याचाच अभिनय लोकांच्या काळजाला भिडतो.