कोठीतले लाकडी पाय

फार फार पूर्वी, डोंगरातल्या एका राज्यात एक कनवाळू राणी होती. लढाईत म्हणा, अपघातात म्हणा, ज्यांचे पाय गेले होते अशांसाठी तिने सुतारांकडून एकेचाळीस लाकडी पाय करून घेतले. प्रत्येक पाय त्या त्या माणसाचं माप घेऊन केलेला. ते सगळे गडावरच्या कोठीत ठेवले आणि किल्ली दिली कोठावळ्याच्या हाती.

कोठावळा प्रामाणिक होता, पण डोकं असं की विचारू नका! दर अमावास्येला तो त्या पायांना तेल चोळी. खंडेनवमीला शस्त्रांबरोबर त्यांचीही पूजा करी, हळदकुंकू वाही. आणि नियम काय केला? ज्याला पाय हवा, त्याने गडाच्या नव्वद पायऱ्या चढून स्वतः न्यावा. आता बोला! पाय नाही म्हणून तर पाय हवा, मग चढायचं कशाने? झालं, एकही पाय खाली उतरला नाही.

भागोजी नावाडी मात्र हट्टाला पेटला. त्याचा उजवा पाय मगरीने नेला होता. होडीत उभं राहता येईना, आणि गावाने होडी दुसऱ्याला द्यायचं ठरवलं होतं. तो हातांवर अंग रेटत पायरी पायरी चढे आणि निम्म्यावर येऊन गळून जाई.

"कोठावळेदादा, माझा पाय तेवढा खाली आणा हो!" तो हाक मारी.

"एकाला आणला की सगळेच म्हणतील. नियम तो नियम. चढ, जमेल तुला!" कोठावळा वरूनच सांगे.

असा तो तीनदा आला. मग यायचा बंद झाला.

त्यानंतर एकदा भर दुपारी, गडावर चिटपाखरू नसताना, कोठीतून आवाज आला. टक्. टक्. उंदीर असतील म्हणून कोठावळ्याने कुलूप काढलं. पाय भिंतीशी ओळीने उभे होते, पण सगळ्यांच्या तळव्यांना ओली माती लागली होती. दार तर महिनाभर बंद!

दुसऱ्या दुपारी बघतो तर एकूण एक पाय दाराकडे वळलेले. कोठावळ्याने घाईघाईने पुन्हा कुलूप लावलं.

तिसऱ्या दुपारी त्याने दार लोटलं आणि समोर, उंबऱ्याला लागून, एकच पाय उभा. त्याला नदीचं शेवाळ चिकटलेलं. पाय भागोजीचा होता.

त्याने तो उचलला. पायाने असा हिसका दिला की कोठावळा पायऱ्यांवरून फरफटत खाली आला! दावणीचं जनावर सुटून घराकडे धाव घेतं ना, तसा तो पाय त्याला गावातून, बाभळींमधून ओढत नदीकाठच्या झोपडीशी घेऊन गेला. दारात पोचताच तो जड झाला आणि निपचित पडला.

भागोजीची बायको बाहेर आली. कपाळ मोकळं होतं.

"भागोजी कुठे आहे?" कोठावळ्याने विचारलं.

"तिसऱ्या खेपेला खाली उतरताना पायरीवरून घसरले. त्यात गेले. आज तेरावा."

कोठावळा दारातच खाली बसला. "मी पाय आणलाय," तो म्हणाला.

"ठेवा त्या कोपऱ्यात. आता कुठं चालायचंय त्यांना?"

तो ओक्साबोक्शी रडू लागला. तिने पाय उचलून कोपऱ्यात ठेवला. मग म्हणाली, "वर आणखी किती पाय आहेत?"

"चाळीस."

"मग इथं रडत काय बसलात? उठा की!"

कोठावळा उठला. त्या दिवसापासून तो एकेक पाय खांद्यावर घेऊन दारोदार हिंडला, आणि चाळिसावा पाय पोचेपर्यंत गडावर झोपायला गेला नाही. पण नदीवरची ती होडी कायमची दुसऱ्याच्या हाती गेली.

तात्पर्य: मदत कुलपात जपायची नसते, ज्याला तिच्यापर्यंत येता येत नाही, त्याच्या दारात ती वेळेवर पोचवायची असते.