वाढणाऱ्याची नजर

"माझी बायको आत आहे की नाही, एवढंच सांगा महाराज!"

मठाच्या दारात उभ्या असलेल्या माणसाचे डोळे लाल झाले होते. रावजीबुवा पंगतीत भात वाढत होते. हातातली बादली घेऊन ते तसेच दाराशी आले.

"मला ठाऊक नाही."

मागे उभ्या असलेल्या श्रीकरने चमकून त्यांच्याकडे पाहिलं. बुवा चक्क खोटं बोलले? आत्ताच तर त्यांनी सारिकाच्या पानात भात वाढला होता. पाठीवरचे वळ पदराखाली झाकून ती या मठात आसऱ्याला आली होती.

मठाची एक जुनी रीत होती. वाढणाऱ्याने पानाकडे पाहावं, जेवणाऱ्याच्या तोंडाकडे नाही. श्रीकरला या रीतीचं हसू यायचं. शहरातली नोकरी सोडून तो बुवांचा शिष्य झाला खरा, पण हुशारीचा तोरा काही उतरला नव्हता. त्याने मठासाठी ॲप बनवलं. येणाऱ्याने ते फोनवर घेतलं की कोण कुठे बसलंय, कुणाची औषधाची वेळ झालीय, कुणाला भूक लागलीय, सगळं श्रीकरला बसल्या जागी कळे आणि दूर कुठल्याशा कंपनीच्या मशिनवर साठून राही. मागण्याआधी भात पानात! दारावर त्याने पाटीसुद्धा ठोकली होती : 'इथे कोण कुठे आहे, आम्हाला कळतं.'

त्या माणसाने पाटी वाचली. मग तो श्रीकरकडे वळला.

"तुम्हाला तर ठाऊक असेल."

श्रीकर पेचात पडला. नाही म्हणावं तर खोटं, हो म्हणावं तर तिच्या जिवावर बेतणार.

"मी... ते..."

"कळलं," तो माणूस हसला. "भावांना घेऊन येतो."

बुवा दारातून हलले नाहीत. तो तरातरा घाट उतरून गेला.

सारिकाने आतून सगळं ऐकलं होतं. ती मागच्या पायवाटेने निघून गेली. पानातला भात तसाच राहिला.

श्रीकर त्या पानाशेजारी मटकन बसला.

"बुवा, तिला तुम्हीच वाढलंत. मग ठाऊक नाही कसं म्हणालात?"

"एका पानातला भात संपला होता. वाढला."

श्रीकरने त्या पानाकडे पाहिलं.

"आणि तुला काय ठाऊक होतं?" बुवांनी विचारलं.

"मला सगळं ठाऊक होतं." त्याचा आवाज चिरकला. "अजूनही आहे. तिचा फोन तिच्याजवळच आहे. ती कुठवर गेली, ते माझ्या फोनवर उमटतंय."

"मग ती गेली कुठे? अजून तुझ्या मुठीतच आहे."

श्रीकरने फोन काढला. तिचं नाव पुसायला बोट नेलं... आणि थांबला.

"एकदाच बघू का, बुवा? सुखरूप पोचली की लगेच पुसतो. काळजीपोटीच म्हणतोय..."

बुवांनी भाताची बादली उचलली आणि त्याच्यापुढे ठेवली.

"पंगत खोळंबलीय. पानाकडे बघून वाढ."